वीस डेसिबलचं पाप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ईएल८४ या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळीच्या) पुश-पुल, म्हणजे जोडीनं चालणाऱ्या, ॲम्प्लिफायरवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही, त्यामुळे उत्तरही लांबणार. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी सर्किटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीपासून (स्पीकरकडच्या गुंडाळीपासून) पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडपर्यंत २० डेसिबलचा निगेटिव्ह फीडबॅक दिला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग चुका खोडण्यासाठी उलटा करून परत आत सोडला, आणि त्यामुळे आवाजातला जीव काढून घेतला. फीडबॅक हे ट्रान्झिस्टरवाल्यांचं खूळ आहे, व्हॉल्व्हच्या सुवर्णकाळात ते नव्हतं. फीडबॅकची दुरुस्ती नेहमी उशिरा, चूक होऊन गेल्यावरच पोचते. असे लेख लिहून मी नवख्यांना बिघडवतोय. तुमच्या ३००बी या ट्रायोड व्हॉल्व्हच्या बिनफीडबॅक सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या) ॲम्पवर डग्गा जसा घुमतो तसा माझ्या ॲम्पवर घुमणं शक्य नाही. आणि शेवटी सल्ला : ती फीडबॅकची वायर कापा, कान उघडतील.

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. निगेटिव्ह फीडबॅक सुचला तो बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेच्या हॅरल्ड ब्लॅक यांना, २ ऑगस्ट १९२७ ला, होबोकेनहून मॅनहॅटनला जाणाऱ्या फेरीबोटीत. हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोऱ्या जागेवर त्यांनी आकृती नि समीकरणं लिहून काढली. ट्रान्झिस्टर तेव्हा वीस वर्षं दूर होता. ब्लॅक यांच्यापुढे प्रश्न होता तो लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनचा. एकामागोमाग एक लावलेले व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर प्रत्येक टप्प्यावर थोडं डिस्टॉर्शन (सिग्नलमधली विकृती) घालत होते आणि ते साठत जात होतं. मिळवलेला गेन (सिग्नल जितक्या पट वाढतो तो) मुद्दाम उधळून टाकायचा ही कल्पना पेटंट ऑफिसलाही पचेना. पेटंट हाती पडायला १९३७ उजाडलं. आणि गंमत बघा, तुमचा ३००बी ज्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, ती बेल लॅब्जच्या दोन मालकांपैकी एक होती.

आता घरगुती हाय-फाय. एप्रिल-मे १९४७ च्या 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात इंजिनिअर विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर छापून आला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो बांधला. त्यात केटी६६ व्हॉल्व्हची जोडी ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा साधा व्हॉल्व्ह) म्हणून जोडलेली आहे, म्हणजे तुमच्या आवडीचा ट्रायोडच. तरीही विल्यमसन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरला आत घेऊन २० डेसिबल फीडबॅक दिला आणि १५ वॉटला ०.१ टक्का डिस्टॉर्शनपर्यंत आणलं. पन्नाशीच्या दशकातला मलार्ड कंपनीचा ५-१० ॲम्प बघा : माझ्यासारखीच ईएल८४ ची जोडी आणि फीडबॅक २६ डेसिबल. त्याच दशकातल्या क्वाड-२ ॲम्पमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडलाही ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जोडलं आहे, म्हणजे ग्लोबल (सगळ्या सर्किटभोवतीचा) फीडबॅक आहेच, वर लोकलही (एकाच स्टेजभोवतीचा). सुवर्णकाळ म्हणतात तो हाच ना? उलट बिनफीडबॅक सिंगल-एंडेडचं आजचं वेड त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

फीडबॅक बदनाम झाला तो सत्तरीत. ट्रान्झिस्टरमुळे गेन स्वस्त झाला, लोकांनी तो ढिगानं लावला, पण आतलं सर्किट संथ राहिलं. जोराचा चढता सिग्नल आला की पहिली स्टेजच गुदमरायची. फिनलंडचे इंजिनिअर मट्टी ओटाला यांनी १९७० मध्ये यावर लिहिलं आणि 'ट्रान्झिएंट इंटरमॉड्युलेशन डिस्टॉर्शन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. दोष संथ स्टेजचा होता, नाव मात्र फीडबॅकचं खराब झालं.

'उशीर' हा तुमचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण किती उशीर ते तरी मोजू. ८० किलोहर्ट्झपर्यंत जाणारा बरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सिग्नलला साधारण २ मायक्रोसेकंद उशीर करतो. २० किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला ५० मायक्रोसेकंद लागतात, तबल्याच्या चाटेतला जो भाग आपल्याला कळतो त्याला त्याहून कितीतरी जास्त. चूक आधी कानापर्यंत पोचते आणि मग दुरुस्ती धावत येते, असं काही घडत नाही. खरा धोका वेगळाच आहे. ऐकू येण्याच्या पलीकडे, ६०-७० किलोहर्ट्झच्या पुढे, ट्रान्सफॉर्मर फेज (लाटेची वेळेतली जागा) इतकी फिरवतो की निगेटिव्ह म्हणून परत दिलेला सिग्नल पॉझिटिव्ह होऊ लागतो. तिथे लूपचा (फीडबॅकच्या पूर्ण फेऱ्याचा) गेन एकाच्या खाली आला नसेल तर ॲम्प ओरडायला लागतो. इंजिनिअर हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये याचा हिशेब मांडून ठेवलाय. म्हणून माझ्या सर्किटमध्ये पहिल्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवर ती रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी आहे आणि फीडबॅकच्या रेझिस्टरवर छोटा कपॅसिटर. तुम्ही त्यांना 'ठिगळं' म्हणालात. ती काढून बघा, ऑसिलोस्कोपवर स्क्वेअर वेव्हच्या कोपऱ्यांना झालर दिसेल.

इथे तुमच्या रागाचं कारण मला थोडंफार कळतं. बाजारातल्या साध्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्याची प्रायमरी सलग गुंडाळून वर सेकंडरी चढवलेली असते, कुणी २० डेसिबल लादले तर आवाज किरकिरा, चिडका येणारच, आणि लांब स्पीकर-केबल जोडली की आणखी बिघडणार. वाइंडरला प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटूनपालटून घ्यायला सांगावं लागतं. तो कुरकुर करतो, पैसे जास्त मागतो, ते द्यावेत. साध्या ट्रान्सफॉर्मरचा असा ॲम्प तुम्ही ऐकला असेल तर तुमच्या कानांनी तुम्हाला खरंच सांगितलं.

आता डग्गा. ईएल८४ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) म्हणून जोडला की त्याचा अंतर्गत रोध साधारण ३८ किलोओहम. पुश-पुलमध्ये जोडीचा ७६. माझा ट्रान्सफॉर्मर ८ किलोओहमचे ८ ओहम करतो, म्हणजे हजाराने भाग द्यायचा. फीडबॅक नसेल तर स्पीकरला पाठीमागून ढोबळमानाने ७६ ओहम दिसतात! स्पीकरवर 'आठ ओहम' लिहिलेलं असलं तरी कुठे तो ६ असतो, तर खालच्या रेझोनन्सला सहज ४०. ७६ ओहममधून असा स्पीकर चालवला तर खर्ज भलताच फुगतो. २० डेसिबल फीडबॅक दिल्यावर हेच ७६ चे ०.८ ओहमच्या आसपास होतात (दहापटीहून जास्त घट, कारण इथे बिनलोडचा, म्हणजे स्पीकर न जोडता येणारा, लूप गेन मोजायचा असतो, हे लेखात लिहायचं मी टाळलं होतं) आणि तो चढउतार एका डेसिबलच्या आत येतो.

तुमचा ३००बी : रोध सुमारे ७०० ओहम, साडेतीन किलोओहमच्या ट्रान्सफॉर्मरमधून १.६ ओहम, वाइंडिंगचा रोध धरून २ म्हणा. त्याच स्पीकरवर खर्जाला २ डेसिबलचा उठाव. डग्ग्याची घुमक म्हणून तुम्हाला जे आवडतं त्यातला बराच वाटा त्या दोन डेसिबलचा आहे. आवडू द्या, माझी काहीच हरकत नाही. फक्त ती रेकॉर्डिंगमधली नाही, तुमच्या ॲम्पनं घातलेली आहे.

आणि ३००बी 'बिनफीडबॅक' आहे हेही पूर्ण खरं नाही. त्याचा म्यू (व्हॉल्व्ह स्वतः सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकतो तो आकडा) जेमतेम ४. ॲनोडचा व्होल्टेज जितका हलतो त्याचा चौथा हिस्सा, ग्रिडवर उलटा सिग्नल दिल्यासारखा, काचेच्या आतच कॅथोडपाशी पोचतो. म्हणूनच त्याचा रोध इतका कमी. पेंटोडमध्ये मध्ये स्क्रीन ग्रिड घालून ही वाट बंद केली आणि रोध ३८ किलोओहमवर गेला. मी बाहेरून वायरनं दिलेला फीडबॅक पाप आणि तुमच्या बल्बमध्ये आपोआप होणारा पुण्य, हे कसं?

माझं मत विचाराल तर दोनच रस्ते सरळ आहेत : कमी रोधाचा ट्रायोड घेऊन ग्लोबल फीडबॅक अजिबात न देणं, किंवा चांगला ट्रान्सफॉर्मर घेऊन भरपूर देणं. मधला रस्ता वाईट. ब्रिटिश इंजिनिअर पीटर बॅक्सँडॉल यांनी १९७८ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये हे दाखवलं होतं. जिचं डिस्टॉर्शन निव्वळ दुसऱ्या हार्मोनिकचं (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेच्या सुराचं) आहे अशा स्टेजला थोडासा फीडबॅक दिला की दुसरा हार्मोनिक कमी होतो, पण तो परत आत शिरून मूळ सुराशी मिसळतो आणि आधी नसलेला तिसरा, चौथा, पाचवा जन्माला घालतो. दुसरा म्हणजे वरचा सा, तो खपून जातो. वरचे विषम कानाला टोचतात. फीडबॅक वाढवत नेला की मग हेही सगळे खाली येतात. पाच-सहा डेसिबल 'चवीपुरता' देणारी सर्किटं तुम्ही मला पाठवली होती, त्यांचं दुखणं हे आहे. नवख्यांना मी बिघडवतोय म्हणता, पण मला काळजी त्या सर्किटांची जास्त वाटते.

राहिली वायर कापण्याची गोष्ट. कापली की गेन दहापट होतो, आवाज एकदम २० डेसिबलनं चढतो, आणि मोठा आवाज नेहमीच 'मोकळा' वाटतो. म्हणून वायर न कापता स्विच लावा आणि सोबत इनपुटला तितकंच कमी करणारा अटेन्युएटर. १ किलोहर्ट्झचा सूर देऊन स्पीकरच्या टोकांवर मीटरनं दोन्ही बाजूंचा व्होल्टेज सारखा करा. स्विच जोडताना प्लग काढलेला हवा आणि फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा केलेला. चॅसिसखाली ३०० व्होल्ट असतात. ऐकताना स्विच दुसऱ्या कुणाला तरी हाताळू द्या, तुम्ही पाठ करून बसा. आणि स्विचला तिसरी पायरी ठेवा, ६ डेसिबलची. तिन्हींचा निकाल इथेच लिहा. माझ्या विरोधात गेला तरी तो मी लेखाच्या वरच चिकटवीन.