पॉझिटिव्ह राहा, चेस्ट नंबर 18

बीडमध्ये कुणाला सांगितलं की मी नेव्हीत जायचं बघतोय, तर समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग वर आभाळाकडे. बरोबरच आहे, आमच्याकडे पाण्याशी संबंध असलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे टँकर. पुढचा प्रश्न ठरलेला, "मर्चंट नेव्ही ना? डॉलरमध्ये पगार असतो म्हणे." नाही काका, मर्चंट नाही, आपली इंडियन, जिने 71 साली कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या ती. "मग डॉलर नाही?" नाही. की लगेच विषय चुलतभावाच्या तलाठी परीक्षेवर.

तर नेव्हीची युनिव्हर्सिटी एन्ट्री स्कीम असते, म्हणजे इंजिनिअरिंग चालू असतानाच सिलेक्शन उरकायचं आणि डिग्री हातात पडली की केरळात एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत ट्रेनिंगला जायचं. ऐकायला सोपं वाटतं. मध्ये एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीचा, पाच दिवसांचा प्रकार आहे हे सीनिअर सांगतात पण कसं सांगतात, तर "काही नाही रे, नॅचरल राहायचं." पाच दिवस लोक तुमच्याकडे टक लावून बघत असताना नॅचरल राहून दाखवा मग बोलू. वडिलांना, म्हणजे आण्णांना, यातली फक्त एक गोष्ट आवडली, पहिल्यांदा जाणाऱ्याला जाण्यायेण्याचं थर्ड एसीचं भाडं मिळतं. "तिकीट जपून ठेव," एवढाच काय तो आशीर्वाद घेऊन मी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडली आणि एसएसबीसाठी भोपाळला उतरलो.

पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग. एक धुरकट चित्र 30 सेकंद दाखवतात, त्यावर 4 मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग पंधराएक जणांनी बसून चर्चा करून सगळ्यांची मिळून एकच गोष्ट ठरवायची. चर्चा कसली, सगळे एकदम बोलायला लागतात, याला एसएसबीवाले फिश मार्केटच म्हणतात, आणि पूर्ण पाच दिवसांत समुद्राशी आलेला माझा एवढाच संबंध. मला ते चित्र म्हणजे दोन माणसं आणि एक म्हैस वाटली होती, बाकीच्यांना तिथं आरोग्य शिबिर दिसत होतं. मी म्हशीला गुपचूप रुग्णवाहिका करून टाकलं आणि स्क्रीन इन झालो. निम्म्याहून जास्त पोरं त्याच संध्याकाळी परत स्टेशनवर गेली, त्यातल्या एकाच्या गोष्टीत तर म्हैसही नव्हती, बिचारा.

खरा छळ सायकॉलॉजीच्या दिवशी. स्क्रीनवर एकेक शब्द येतो, 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मनात येईल ते असं नुसतं म्हणतात, कारण रिपीटर, म्हणजे आधी एसएसबी देऊन गेलेल्या पोरांनी रात्री मेसमध्ये मला बसवून शिकवलेलं की काहीही येऊ दे, वाक्य पॉझिटिव्ह पाहिजे. 'मृत्यू' आला, लिहिलं सैनिक अमर असतो. 'भूत' आलं, लिहिलं विज्ञानाने अंधश्रद्धा दूर होते. 'सासू' आली असती तरी मी तिला समाजसेवेला लावलं असतं. त्याच्या आधी चित्रांवरून गोष्टी झालेल्या, एका मागून एक 11, आणि बारावं पान कोरं, तिथं स्वतःचं चित्र स्वतः कल्पायचं. चित्रात एक बाई खिडकीत रडतेय. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल घरात भांडण झालंय. पण माझ्या गोष्टीत ती आनंदाश्रू ढाळत होती कारण तिच्या बचत गटाला कर्ज मंजूर झालं होतं. दुपारपर्यंत मी अर्ध्या भारताचं पुनर्वसन केलं होतं आणि माझी बोटं वाकडी झाली होती.

शब्दांनंतर 60 प्रसंग, अर्ध्या तासात, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचं. जंगलात साप, ट्रेनमध्ये दरोडा, रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट्स, कुणीतरी काढल्यात आणि समोरून गाडी येतेय. माझ्या आयुष्यात आलेला मोठ्यात मोठा प्रसंग म्हणजे मेसच्या भाजीत झुरळ, तेव्हा मी ते बाजूला करून जेवलो होतो. इथं मात्र मी लाल कापड हलवतो, गाडी थांबवतो, स्टेशन मास्तरांना कळवतो, आणि परीक्षेलाही वेळेत पोचतो. शेवटी स्वतःबद्दल लिहा, आईवडिलांचं मत काय, मित्रांचं काय. आण्णांचं खरं मत लिहिलं असतं तर तिथल्या तिथं तिकीट हातात दिलं असतं.

ग्राउंडवर ग्रुपच्या टेस्ट घेणाऱ्या जीटीओ साहेबांकडे फट्टा, बल्ली, रस्सी, ते वापरून सगळ्यांनी मिळून अडथळे पार करायचे आणि लाल रंगाला कशाचाच स्पर्श नाही होऊ द्यायचा. ते एकवेळ जमतं. पण स्नेक रेसला, म्हणजे सापासारखं लांब ओझं सगळ्यांनी उचलून पळायच्या अडथळ्यांच्या शर्यतीला, सगळ्या ग्रुपची मिळून एक आरोळी लागते, त्यावर हरियाणा आणि लखनौचं जुंपलं, मी मध्येच हर हर महादेव सुचवलं आणि पालक्काडचा पोरगा पूर्ण रेसभर ते इतक्या जोरात ओरडला की बाकीचे ग्रुप थांबून बघायला लागले. (आमचा पहिला नंबर आला. श्रेय पूर्ण पालक्काडचं.)

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, युनिफॉर्ममधले सगळे साहेब गोल बसलेले आणि मध्ये एक खुर्ची. मी कराची, विक्रांत, आंग्रे सगळं पाठ करून गेलेलो, त्यांनी विचारलं जेवण कसं होतं. उत्तम सर. झालं. थोड्या वेळाने रेकमेंड झालेल्यांचे चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेले नंबर, वाचले, त्यात माझा 18 होता. मग मेडिकल, तिथं गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का आणि कानात मळ किती हे बघतात, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मी लहानपणापासून हेच सांगतेय.

आता मेरिट लिस्टची वाट बघायची आणि डिग्री पूर्ण करायची, तीही 60 टक्क्यांनी. परवा इलेक्ट्रिकल मशीन्सच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल सरांनी कुठूनतरी ऐकलेलं, म्हणाले, "नेव्हीत चाललाय होय? मग सांग, बोटीवरचा अल्टरनेटर लोड टाकला की व्होल्टेज सोडतोय, काय करशील?"

मी म्हणालो, सर, प्रथम सहकाऱ्यांना धीर देईन, उपलब्ध साधनांचा आढावा घेईन, वरिष्ठांना कळवेन आणि ठरलेल्या वेळेत बंदरावर पोचेन.

सर म्हणाले, "छान. व्होल्टेज रेग्युलेशनचा फॉर्म्युला लिही."