बूट नऊ नंबरचा, पाय पाचचा

परवा आमच्या अग्निशमन दलात पुन्हा तेच! नवे बूट आले, नऊ नंबरचे. माझा पाय पाचचा. दोन-दोन मोजे चढवायचे, पुढे चिंध्या कोंबायच्या आणि तशीच शिडी चढायची. हातमोज्यांची बोटं टोकाला रिकामी लोंबतात, त्यांनी पाण्याच्या दाबाने उसळणारं नोझल धरायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, लेडीज साइज येत नाही." येत नाही म्हणजे काय? तुम्ही मागवतच नाही! हर्षिनी कान्हेकर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली दाखल झाल्या, तिथल्या पहिल्या महिला. इतकी वर्षं उलटली, आणि आम्ही अजून बुटासाठी भांडतोय. भरतीत आमची उंची सेंटिमीटरवर मोजता ना? मग पायही मोजा. आणि आगीची वर्दी मिळून आम्ही तिथे पोचल्या पोचल्या "साहेब कुठेत?" विचारणाऱ्यांनो, आधी गल्लीत आडवी लावलेली गाडी काढा!