पोरानं फोन उचलला तर काय बोलावं?

सोलापुरात सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी विषय निघाला तो अण्णांच्या तक्रारीवरून. त्यांनी भावाला फोन लावला, पुतणीनं उचलला आणि "कोण पाहिजे?" एवढंच खेकसली.

"ना नमस्कार, ना काका. आम्ही फोन उचलला की आधी नाव सांगायचो," अण्णा म्हणाले.

मास्तर म्हणाले, "तेच नको. फोन ज्यानं केला त्यानं आधी नाव सांगावं. आता कोण बोलतंय ते पोराला काय कळणार?"

"म्हणजे उद्धटपणा शिकवायचा?"

तसं नाही. "नमस्कार, कोण बोलताय?" यात आदरही येतो आणि घरची माहितीही बाहेर जात नाही. इथवर अण्णांनाही पटलं.

खरी जुंपली ती पुढं. आपल्या गावात आई विड्या द्यायला कारखान्यात, बाप यंत्रमागावर, घरात पोरं आणि एक मोबाइल, अशी घरं कितीतरी. समोरच्यानं "आई आहे का घरात?" विचारलं तर?

"आंघोळीला गेलीय म्हणायचं," रिक्षावाले मामा म्हणाले.

अण्णा भडकले. "आपणच पोरांना खोटं शिकवायचं व्हय?"

"खोटं कशाला?" मास्तर म्हणाले. "'आई आत्ता बोलू शकत नाही, निरोप सांगा.' यातला एक तरी शब्द खोटा आहे का? आणि घरात एकटा आहे, हे मात्र सांगायचं नाही."

मामांचा सहावीतला पोरगा रिक्षातच बसला होता. मास्तरांनी त्याला बोलावलं आणि फोन धरल्यासारखा कानाला हात लावून गोड आवाजात म्हणाले, "बाळ, मी पप्पांचा दोस्त. मोबाइलवर सहा आकडी नंबर आलाय, तेवढा वाचून दाखव. पप्पांनीच सांगितलंय."

पोरगं अदबीनं म्हणालं, "हो काका."

अण्णा एकदम गंभीर झाले. हे लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं, म्हणणं नेमकं हेच आहे. तो सहा आकडी नंबर म्हणजे ओटीपी, तो सांगितला की खात्यातले पैसे जाऊ शकतात. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं असं शिकवलेलं गुणी पोरच इथं फसतं. म्हणून "घरच्यांना विचारतो, ठेवतो" हे वाक्य घरात दहादा म्हणवून घ्यावं. आणि पोरानं फोन ठेवला म्हणून रुसणारे काका-मामा आधी सुधारायला हवेत. "कुणाला सांगू नको" असं कुणी म्हणालं, तर तेच पहिलं घरी सांगायचं, आणि सांगितल्यावर पोराला ओरडायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. पोराला कुणी त्रास देत असेल तर १०९८, जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

"आईचा नंबर सांग रे," मास्तरांनी विचारलं. पोरगं चौथ्या आकड्याला अडलं. मोबाइलमध्ये 'आई' दाबलं की लागतो, पाठ कशाला करायचा?

"गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या गर्दीत आईचा हात सुटला तर काय सांगशील बे?" मामा म्हणाले आणि तिथंच नंबर घोकून घ्यायला लागले.