मेनूत आकडे सारखे, पडद्यावर रंग वेगळे

भिंतीभिंतीवर थ्रीडी दृश्य टाकणारी खोली, म्हणजे १९९२ साली शिकागोत दाखवलेल्या ‘केव्ह’सारखी, उभारायची म्हटली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे घ्या, मेनूत रंग-उजेडाचे सारखे आकडे टाका, दोन चित्रांचा जोड ब्लेंडिंग (कडा एकमेकींत मिसळणं) सांभाळेल. उरलेला फरक थ्रीडी चष्म्यातून दिसत नाही.’ या सल्ल्यापायी लोकांचे आठवडे वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एकच मॉडेल. इथे थोडं तथ्य आहे. एका मॉडेलच्या प्रोजेक्टरांचे मूळ रंग बरेच जवळचे असतात. उजेड मात्र नसतो. दिवे वापरानुसार मंदावतात, शिवाय एकाच चित्रात मध्यभाग उजळ आणि कोपरे मंद. मेनूतल्या आकड्याला यातलं काहीच कळत नाही.

ब्लेंडिंग. खरी गफलत इथे होते. दोन चित्रं एकमेकांवर येतात त्या पट्ट्याच्या मधोमध दोघांनी अर्धा-अर्धा उजेड द्यायला हवा. पण सिग्नल अर्धा केला म्हणून उजेड अर्धा होत नाही. गॅमा, म्हणजे सिग्नल आणि उजेडाचं नातं सांगणारा आकडा, २.२ असेल तर ५० टक्के सिग्नलला जेमतेम २२ टक्के उजेड पडतो. दोघांचे मिळून ४४, म्हणजे मधोमध काळपट पट्टा. अर्धा उजेड हवा तर सिग्नल ७३ टक्के लागतो, २५५ पैकी १८६. रात्रीच्या दृश्यात नेमकं उलट होतं. प्रोजेक्टरचं काळं पूर्ण काळं नसतं. जोडावर दोघांचा झिरपलेला उजेड एकत्र येतो आणि राखाडी पट्टा उठतो. सिग्नल शून्यावर असताना ब्लेंडिंग आणखी काय कमी करणार? उरलेल्या पडद्याचं काळंच तेवढं वर उचलावं लागतं.

चष्मा. हे विधान मला सर्वांत घातक वाटतं. इन्फिटेक या थ्रीडी चष्म्यांच्या पद्धतीत दोन डोळ्यांना लाल, हिरव्या, निळ्याच्या वेगवेगळ्या तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्या मिळतात. म्हणजे डाव्या डोळ्याचा हिरवा आणि उजव्याचा हिरवा मुळातच वेगळे; तिथे ‘एकच मॉडेल’ काय कामाचं? दुरुस्तीआधी पडदाभर राखाडी रंग लावा, चष्मा घाला आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. राखाडीची झाक बदलताना दिसेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून तासभर तेच पाहणाऱ्याचे डोळे थकतात.

म्हणून रंगमापकासमोर चष्म्याचीच काच धरून मोजायचं: प्रत्येक प्रोजेक्टर, प्रत्येक डोळा वेगळा. शेवटी सगळ्या भिंती एकदम पांढऱ्या करून पुन्हा मोजायचं, कारण समोरच्या भिंतीचा उजेड बाजूच्या भिंतीवरही पडत असतो.