रक्ताच्या थेंबावर पार्किन्सन? आधी गोळ्या चालू ठेवा

'रक्ताच्या एका थेंबातून पार्किन्सन ७ वर्षं आधी कळतो. टेस्ट आता सगळीकडे मिळते. हात थरथरतो? आजच करा. रिपोर्ट नॉर्मल आला तर गोळ्या बंद!' हा फॉरवर्ड पार्किन्सन असलेल्या तासगावच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी कुणाला न विचारता सकाळची गोळी घेतलीच नाही. एरवी असल्या मेसेजकडे मी ढुंकूनही बघत नाही.

गोळ्या बंद? मेंदूत कमी पडणारं डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, भरून काढायला मामांची ही गोळी, लेव्होडोपा, असते. रिपोर्टात काहीही येवो, मामांचं अंग हलतं ते तिच्या जोरावर. ती एकदम तोडली तर अंग आखडतं, क्वचित ताप चढून जिवावर बेततं. आणि मामांचं निदान कसं झालं होतं? बागेच्या हिशेबाच्या वहीत त्यांचं अक्षर बारीक होत होत वाचता येईना. मिरजेच्या डॉक्टरांनी ती वही चाळली, बोटं भरभर आपटायला लावली, मनगट फिरवून ताठरपणा पाहिला, चालायला लावलं. उजवा हात झुलतच नव्हता. पुढे गोळीनं फरक पडला, तोही पुरावाच. आजही निदान असंच होतं. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखं दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी.

'७ वर्षं आधी' हे मात्र अगदीच हवेतलं नाही, नाइलाजानं कबूल करतो. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये लंडन आणि गॉटिंगेनच्या संशोधकांचा अभ्यास आला. रक्तातली ८ प्रथिनं कॉम्प्युटरनं ताडून पाहायची. पण अंदाज वर्तवला तो कुणाचा? झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणाऱ्या ७२ जणांचा, ज्यांना हा धोका मुळातच मोठा. त्यातल्या १६ जणांचं भाकीत खरं ठरलं, आणि ७ वर्षं ही जास्तीत जास्त मुदत. थेंबाचं म्हणाल तर, पुढेमागे कार्डावर थेंब टाकून पाठवता येईल, अशी त्या संशोधकांना आशा आहे. फॉरवर्डवाल्यानं त्या आशेचं रेटकार्ड छापलं!

अल्फा-सिन्युक्लीन या पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची २०२३ मध्ये गाजलेली चाचणी तर पाठीच्या कण्यातल्या पाण्यावरची, रक्तावरची नव्हेच.

राहिला थरथरणारा हात. प्रत्येक कंप पार्किन्सनचा नसतो. चक्करेवरची सिनारिझिन महिनोन्महिने चालू राहिली तर तीही हुबेहूब अशी लक्षणं आणते. तेव्हा लॅबमध्ये पैसे भरण्याआधी घरातली औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता.