बरोबरी पुरत असताना: मिरजेच्या अण्णांना उत्तर

अण्णा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर दोन ओळींत भांडण होऊन मिटलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. दरम्यान एकदा मध्यरात्री उठून तुम्ही दिलेल्या मॅचचे गोल कुठल्या मिनिटाला झाले ते पुन्हा तपासलं. बायको म्हणाली, परीक्षा आहे का सकाळी?

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं, की फुटबॉल लीगमध्ये सीझनच्या शेवटी ज्या संघाला एक पॉइंट पुरतो त्यानं तो एक पॉइंट घ्यायलाच खेळावं, त्यात लाज कसली. त्यावर अण्णा लिहितात: “बरोबरीसाठी उतरलेला संघ हरायलाच उतरलेला असतो. मुंबई सिटीला कोलकात्यात ड्रॉ पुरत होता, हरले. त्याच मैदानात एकोणीस दिवसांनी जिंकायलाच लागत होतं, तर जिंकले. आहे उत्तर? लिव्हरपूलचं २०१४ साली तेच झालं. सांगलीत भडंग खात टीव्ही बघणाऱ्यांनी मैदानावरच्या पोरांना भित्रेपणा शिकवू नये. पायाला बॉल लावलाय का कधी?”

शेवटून सुरुवात करतो. लावलाय. लेफ्ट बॅक होतो, फार चांगला नव्हतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गटातली शेवटची मॅच, आम्हाला ड्रॉ पुरत होता आणि समोरच्यांना जिंकणं भाग होतं. काळ्या मातीचं मैदान, दगडासारखं वाळलेलं, फक्कीच्या रेषा हाफ टाइमपर्यंत निम्म्या उडालेल्या. आमचे सर म्हणाले, “ड्रॉ-बिऱ्या काय नाय, मर्दासारखं खेळा.” मला सांगितलं, तू पण वर जात राहा. गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा परत यायला उशीर झाला आणि माझ्याच बाजूनं त्यांचा पोरगा मोकळा सुटला. एक-शून्य. नंतर उसाच्या गाड्यावर कुणी माझ्याशी बोललं नाही. तेव्हा अण्णा, या विषयात मी निःपक्षपाती नाही हे आधीच कबूल करून टाकतो.

आता मला वाटतं तुमच्या-माझ्या भांडणाचं मूळ फुटबॉलमध्ये नाहीच. ते कुस्तीत आहे. आपल्या पट्ट्यात बरोबरी हा शब्द आपण जत्रेच्या मैदानात शिकलो. दोघं पैलवान अर्धा तास नुसती मान धरून उभे राहिले की लोक शिट्ट्या मारायला लागतात, पंच निकालीची भाषा करतात, आणि कुस्ती बरोबरीत सोडवली तर पैसे बुडाल्यासारखी तोंडं करून सगळे घरी जातात. कोल्हापूरलाही तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ पडली की गॅलरीतल्या माणसाला गुणतक्त्याशी देणंघेणं नसतं, त्याला पेठेत कॉलर ताठ करून जायचं असतं. मीही त्याच गॅलरीत बसून “मागं काय खेळताय” म्हणून ओरडलोय. पण त्या दिवसापुरती ती जंगी कुस्ती असते. लीग म्हणजे सबंध सीझनची वही. इंग्लंडमध्ये ३८ पानांची, आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, २०२३-२४ साली २२ पानांची. शेवटच्या पानावर किती लिहायचं हे आधीच्या पानांवर किती जमलंय त्यावरच ठरतं.

इंग्लंडनं १९८१ साली विजयाला दोनऐवजी तीन पॉइंट द्यायला सुरुवात केली ती संघांनी जिंकायला खेळावं म्हणूनच. डिसेंबरमधला ड्रॉ म्हणजे दोन पॉइंट पाण्यात, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण शेवटच्या दिवशी, समोरचाच पाठलाग करत असताना, हिशोब फिरतो. तिथं ड्रॉ झाला तर तुम्हाला एकच मिळतो, पण त्याचे दोन जातात, आणि त्याला परत मिळवायला पुढं मॅचच नसते.

मुंबईकडं येतो, कारण तुमचा खरा फटका तिथं बसलाय.

१५ एप्रिल २०२४. सॉल्ट लेक स्टेडियम, लीगची शेवटची मॅच. मुंबई सिटी ४७, मोहन बागान ४५. ड्रॉ झाला असता तर ४८-४६ आणि शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याची ढाल, मुंबईची. झालं काय, तर २८व्या मिनिटाला बागानच्या लिस्टन कोलासोनं गोल केला, ८०व्या मिनिटाला जेसन कमिंग्सनं दुसरा, आणि ८९व्या मिनिटाला छांगतेनं मुंबईचा एक परत केला. २-१. बागान ४८, मुंबई ४७. एका पॉइंटानं गेली.

तुम्ही म्हणता, ड्रॉसाठी खेळले म्हणून हरले. पण अण्णा, घड्याळ बघा. २८व्या मिनिटालाच मुंबई मागं पडली. म्हणजे बरोबरी राखायचा प्रश्न फार तर अर्धा तास होता. त्यानंतरचा तासभर त्यांना गोलच करायचा होता, तुम्हाला हवं तसंच. आणि ज्याकडं तुम्ही बघितलंच नाही ती गोष्ट ही, की ०-१ असतानासुद्धा त्यांना एकच गोल पुरत होता. तो एक गोल छांगतेनं केलाही. ८०व्या मिनिटाचा बसला नसता तर ८९व्या मिनिटाला शील्ड मुंबईच्या हातात होती. मी बरोबरी राखणं म्हणतो त्यात हे पण येतं: मागं पडल्यावरही दुसरा खायचा नाही. एकानं मागं असलेला संघ शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत असतो, दोननं मागं पडला की गोल करूनही हरतो.

आता ४ मेची फायनल, म्हणजे लीग संपल्यावरच्या नॉकआउटची. तेच मैदान, तेच दोन संघ, मुंबई आधी मागं पडूनही ३-१ नं जिंकली. याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. रात्री उठून बसलो होतो ते यावरच. एवढंच म्हणेन, की फायनलमध्ये ड्रॉ कुणालाच पुरत नव्हता, दोघांचं पारडं सारखं होतं. १५ एप्रिलला तसं नव्हतं. जिंकणं भाग असल्यानं पाय मोकळे सुटतात हे तुमचं म्हणणं त्या रात्रीपुरतं खरं वाटतं. पण मग १५ एप्रिलला जिंकणं भाग बागानला होतं आणि ४ मेला दोघांनाही होतं, तर त्या दिवशी बागानचे पाय का अडले? एका मॅचवरून नियम काढायला गेलं की असं होतं. हे मी माझ्या कॉलेजच्या मॅचबद्दलही म्हणायला हवं, म्हणा.

लिव्हरपूलबद्दल मात्र मी चुकलो होतो, आणि तुम्ही म्हणता तसा नव्हे, तर दुसऱ्याच बाजूनं.

२७ एप्रिल २०१४, अ‍ॅनफिल्ड, समोर चेल्सी. त्या सकाळी लिव्हरपूलचे ३५ मॅचमध्ये ८०, मँचेस्टर सिटीचे ३४ मध्ये ७४. सिटीनं उरलेल्या चारही जिंकल्या तरी ८६. लिव्हरपूलनं चेल्सीशी ड्रॉ करून पुढच्या दोन जिंकल्या असत्या तर ८७. म्हणजे ड्रॉ पुरत होता. चेल्सीच्या कोच मोरिन्योच्या संघाला तीन दिवसांनी अ‍ॅटलेटिकोशी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल होती, म्हणून त्यानं मुख्य खेळाडू बसवले आणि कालास नावाच्या वीस वर्षांच्या पोराला लीगमध्ये पहिल्यांदा सेंटर बॅकला उभा केला. चेल्सीवाले पहिल्या मिनिटापासून थ्रो-इन घ्यायलाही वेळ काढत होते. हाफ टाइमच्या तोंडावर लिव्हरपूलच्या कॅप्टन जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीचा डेम्बा बा एकटा निघाला, गोल. दुसऱ्या हाफमध्ये जेरार्ड लांबून मारत सुटला. शेवटी चेल्सीच्या विलियननं दुसरा केला.

तुम्ही हे उदाहरण ड्रॉच्या विरोधात दिलंत. पण लिव्हरपूल ड्रॉसाठी खेळलेच नाहीत! त्यांनी तेच केलं जे ते सबंध सीझन करत आले होते, म्हणजे सगळे वर. ओळीनं ११ मॅच अशाच जिंकल्या होत्या. मी आधी लिहिलं होतं की त्यांच्या कोचनं, रॉजर्सनं, त्या दिवशी संघ मागं बसवायला हवा होता. आता वाटतं, सांगून ते बसले नसते. त्या सीझनमध्ये त्यांनी १०१ गोल केले आणि ५० खाल्ले. ५०! मिडफील्डमध्ये पळून जागा भरणारा हेंडरसन रेड कार्डमुळं तीन मॅच बाहेर होता. ज्या संघाला कित्येक महिने १-० सांभाळत वीस मिनिटं काढायची सवय नाही, त्याला एप्रिलच्या शेवटच्या रविवारी “आज सांभाळून खेळा” म्हणणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पोहायला शिकवण्यासारखं.

आणि पुढची मॅच बघा. ५ मे, क्रिस्टल पॅलेस. गोलफरकात सिटी बरीच पुढं होती म्हणून लिव्हरपूल ३-० झाल्यावरही गोल जमवायला पळत राहिले. ७९, ८१, ८८. नऊ-दहा मिनिटांत तीन खाल्ले, ३-३. लिव्हरपूलचा सुआरेझ शर्टात तोंड लपवून रडत बाहेर गेला. मी त्या रात्री सांगलीत हसलो होतो (आर्सेनलवाला आहे, क्षमा करा), आज हसू येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं दुरुस्त करून असं: बरोबरी राखणं ही शेवटच्या आठवड्यात घ्यायची भूमिका नव्हे, तो वर्षभर घोटायचा हात आहे. ज्यांनी घोटला नाही त्यांनी तुमचं ऐकावं आणि वरच खेळावं. त्यांना दुसरं काही येतच नाही.

घोटला म्हणजे काय, यासाठी माझ्या लाडक्या मॅचकडं जाऊ द्या. २६ मे १९८९, शुक्रवारची रात्र, परत अ‍ॅनफिल्ड. लीगची शेवटची मॅच. लिव्हरपूल ७६, आर्सेनल ७३. आर्सेनलला दोन गोलांनी जिंकणं भाग, लिव्हरपूल एका गोलानं हरले तरी चॅम्पियन. दोन गोल हवेत म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं? एक फॉरवर्ड वाढवला असता. आर्सेनलच्या कोच जॉर्ज ग्रॅहमनं ओ’लिअरीला अ‍ॅडम्स आणि बोल्डच्या जोडीला ठेवून मागं पाच जण उभे केले. हे त्या रात्रीचं डोकं नव्हतं, काही आठवडे आधीपासून तो हे वापरत होता. हाफ टाइमला ०-० चालेल असा त्याचा हिशोब होता, आणि तेवढंच होतं. ५२व्या मिनिटाला फ्री किकवर आर्सेनलच्या स्मिथचं हेडर, गोल.

आता लिव्हरपूलची गंमत. एक खाल्ला तरी ते चॅम्पियनच होते. पण त्यांना कळेना, दुसरा आपण मारायचा की आहे तो स्कोअर धरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नव्वद मिनिटं सरून इंज्युरी टाइम चालू होता, लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सकडं आर्सेनलच्या टोकाला बॉल होता. कॉर्नरच्या झेंड्याकडं नेऊन उभं राहिलं असतं तरी वेळ सरला असता. तो बॉक्सकडं वळला, रिचर्डसननं बॉल काढून गोलीकडं दिला, ल्युकिचनं डिक्सनकडं टाकला, डिक्सननं लांब स्मिथकडं, स्मिथनं थॉमसकडं. २-०. दोघांचे ७६, गोलफरकही सारखा, जास्त गोल केले म्हणून आर्सेनल.

बार्न्स भित्रा नव्हता. उलट त्याची चूक धाडसाचीच होती. आणि पाच बॅक घेऊन उतरलेला ग्रॅहमचा संघ जिंकायलाच आला होता. मागं किती माणसं उभी आहेत त्यावरून जिगर मोजणाऱ्यांनी ही मॅच एकदा शांतपणे बघावी, भडंग लागलं तर माझ्याकडं आहे.

आता शेवटची गोष्ट, जी मी मुद्दाम मागं ठेवली होती. तुमच्याच प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही अभिमानानं लिहिलंय, की तुमच्या काळात रेल्वेच्या पोरांविरुद्ध १-० नं पुढं असताना, दहा मिनिटं राहिली तेव्हा तुम्ही बॉल कंपाउंडच्या भिंतीवरून रुळांकडं उडवला, मैदानात दुसरा बॉल नव्हता, आणि तो सापडेपर्यंत पंचांनी घड्याळ काही थांबवलं नाही.

अण्णा, याला तुम्ही काय म्हणता मला माहीत नाही. मी गेल्या आठवड्यात याच्यावरच अख्खा लेख लिहिला होता. तेवढं एक कळवा: बॉल आणायला तुमच्यातलं कोण गेलं होतं, आणि चालत गेलं होतं की पळत?