विजयदुर्ग, हेलियम आणि 'तू आमचो की तेंचो?'

18 ऑगस्ट जवळ आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला! लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1868 च्या ग्रहणात 'साहेबाच्या ओट्यां'वर दुर्बीण लावली आणि सूर्यात नवं मूलद्रव्य पाहिलं. खाली तिरंग्यांची रांग.

मी देवगड तालुक्यातलाच. गोष्ट खरी असती तर पाहुण्यांना सगळ्यात आधी मीच सांगितली असती.

पण तारखा बघा. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणबिहण काही नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या ओळखीच्या रेषांशी जुळेना. हेलियमची कल्पना निघाली ती त्या न जुळण्यातून, आणि पृथ्वीवर तो वायू ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांच्या हाती लागला थेट 1895 मध्ये. लॉकियर विजयदुर्गाला आले 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. ओट्यांचा संबंध लागतो तो या मोहिमेशी. दोन ग्रहणं आपण एकात कालवली आहेत.

हे ग्रुपवर लिहा, तारखेवर कोणी बोलत नाही. पहिला प्रश्न येतो, "मेल्या, तू आमचो की तेंचो?"

वस्तुनिष्ठ विचार म्हणजे मन कोरडं करून बसणं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. वाघोटन खाडीच्या तोंडाशी उभा असलेला तो किल्ला बघून माझी छाती आजही फुगते, आणि ती फुगू दे. अट एवढीच की परक्याच्या दाव्याला जी चाळण लावतो तीच आपल्याला सुखावणाऱ्या दाव्यालाही लावायची. उद्या एखादा गोवेकर म्हणाला की लॉकियर 1868 मध्ये आमच्या आग्वाद किल्ल्यावर होते, तर आपण लगेच विचारू : कुठल्या जहाजाने आले? कागद दाखव! मग विजयदुर्गाच्या बाबतीत ते जहाज का विचारत नाही?

जहाज होतंच म्हणा, पण 1898 चं. 'मेल्पोमीनी' नावाची ब्रिटिश युद्धनौका. तिच्यावरच्या नौसैनिकांना शिकवून लॉकियरनी वेधाच्या कामाला लावलं होतं. त्यामुळे "कोकणी माणूस फेकतोय" म्हणून हसणारे शहरी विद्वानही माझ्या मते तितकेच आळशी. त्यांनीही पुढची तीस वर्षं चाळली नाहीत.

आणि हो, "दोघांचंही थोडं थोडं बरोबर" हा गावकीतला तोडगा इथे चालत नाही. बांधाच्या भांडणात चालत असेल. माणूस त्या दिवशी किल्ल्यावर होता किंवा नव्हता.

हेलियमवरून कोणाचं घर बुडणार नाही. पण हीच सवय घेऊन आपण रिफायनरी, अणुप्रकल्प, पर्ससीन जाळ्यांची यांत्रिक मासेमारी यांवर बोलतो. अहवाल उघडण्याआधी खाली सही कोणाची ते बघतो. रापणवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छीमार, म्हणतो मासळी घटली, त्यात त्याचं पोट आहे. कंपनीचा इंजिनियर म्हणतो धोका नाही, त्यात त्याचा पगार आहे. हितसंबंध आहे म्हणून आकडा दोनदा तपासावा हे बरोबर. पण तेवढ्यावरून तो न वाचताच फेकून दिला, तर मग समुद्रावर रोज जाणाऱ्याचं कोणी ऐकायलाच नको!

माझं म्हणणं, किल्ल्यावर 1898 च्या ग्रहणाचा नीट फलक लावावा : कोण आले, कुठून आले, काय पाहिलं. शाळेच्या सहलींना ते पुरेसं आहे. आणि लॉकियर 1868 मध्ये इथे होते असं दाखवणारा त्या काळचा एखादा कागद कोणाकडे असेल, तर फोटो काढून इथे टाका. मेसेज नको, कागद. मिळाला तर ही पोस्ट मी त्याच दिवशी बदलेन, आणि मोठ्या आनंदाने.